रुपेरी पडद्यावरचे नेतृत्व : ग्रामकारभाराला काही धडे

पुणे-नाशिक मार्गावर, जुन्नर तालुक्यात, नारायणगावाला लागूनच वारूळवाडी हे गाव वसले आहे. दोन्ही गावांची वस्ती आता एकमेकींना भिडली आहे. बाजार एक, रस्ता एक आणि अनेक प्रश्नही सामाईक. या परिसराची महाराष्ट्राला असलेली एक ओळख शेतीची आहे, दुसरी तमाशाची. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा समित्यांचे पंच तेथे येतात, फडमालकाशी बोलणी करतात, तारीख ठरते आणि सुपारी दिली जाते. म्हणूनच नारायणगावाला ‘तमाशाची पंढरी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. राहुटीत बसून होणाऱ्या या व्यवहारात दोन प्रकारचे पुढारी समोरासमोर येतात. एक गावाचा आणि दुसरा फडाचा.

या दोघांवरही मराठी माणसांनी चित्रपट काढले आहेत. ते करमणुकीसाठी पाहिले गेले, पुष्कळ चालले आणि बहुतेकांच्या स्मरणात गाण्यांच्या रूपाने उरले. परंतु गावचा कारभार ज्यांच्या हाती आहे त्या सरपंचांनी, सदस्यांनी, शिक्षकांनी आणि ग्रामसेवकांनी हेच चित्रपट निराळ्या दृष्टीने पाहिले, तर नेतृत्वाविषयी एक महत्त्वाचा प्रश्न त्यांतून पुढे येतो. पुढारी असताना काय घडते हे सर्वांनाच दिसते. पुढारी गेल्यानंतर काय उरते? सरपंचाची मुदत पाच वर्षांची असते. ग्रामसेवकाची आणि शिक्षकाची बदली केव्हाही होते. तेव्हा हा प्रश्न केवळ चर्चेचा नसून गावाच्या पाणीपुरवठ्याचा, शाळेचा आणि दफ्तराचा आहे.

फड : नेतृत्वाची एक जुनी शाळा

चित्रपटांकडे वळण्यापूर्वी नारायणगावच्या राहुटीतच थोडे थांबणे योग्य ठरेल. मोठ्या फडात शंभराच्या आगेमागे माणसे असतात. ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, नाचणाऱ्या कलावंत स्त्रिया, वगात कामे करणारे, स्वयंपाकी, वाहनचालक, तंबू उभारणारे बिगारी, असा हा संसार दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतो आणि यात्रांचा हंगाम संपेपर्यंत गावोगाव फिरतो. कलावंतांना आगाऊ दिलेली उचल, गाड्यांचे इंधन, पावसाने बुडालेला खेळ, आजारी पडलेला माणूस, या सर्वांचा भार फडमालकाच्या डोक्यावर असतो. रात्री खेळ उभा राहिला पाहिजे, ही एकच कसोटी असते आणि ती रोज द्यावी लागते.

भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाच्या परंपरेतून पुढे आलेल्या विठाबाई नारायणगावकर यांनी ही कसोटी आयुष्यभर दिली. खेळ चालू असताना प्रसूतीच्या वेदना सुरू झाल्या, पडद्यामागे त्या प्रसूत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, हा प्रसंग आजही सांगितला जातो. त्यांचे निधन २००२ साली झाले. तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार राज्य शासन त्यांच्याच नावाने देते. परंतु येथे अधिक लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. विठाबाईंच्या पश्चात त्यांचा वारसा थांबला नाही. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा केला आणि समर्थपणे चालविला. आईच्या हाताखाली कला शिकता शिकता फड कसा चालवावा, हेही त्या शिकल्या होत्या. आपल्या मागे काम चालविणारी माणसे तयार करणे, ही नेतृत्वाची पहिली खूण येथे सापडते.

‘पिंजरा’ : पुतळा आणि माणूस

तमाशाचा फड आणि गावाचा आदर्श पुढारी यांची गाठ व्ही. शांताराम यांनी १९७२ साली ‘पिंजरा’ या चित्रपटात घालून दिली. श्रीधर गुरुजी हे कडक शिस्तीचे शिक्षक. त्यांनी एका गावाला वळण लावले, व्यसने सोडविली, गाव आदर्श म्हणून नावाजले गेले. तेथे तमाशाचा फड येतो. गुरुजी त्याला हुसकावून लावतात. पुढे फडातील चंद्रकलेच्या मोहात ते स्वतःच सापडतात. एका खुनाच्या प्रसंगानंतर गुरुजी मरण पावले अशी गावाची समजूत होते आणि गाव त्यांचा पुतळा उभारते. अखेर ‘गुरुजींचा खुनी’ म्हणून खुद्द गुरुजींनाच पकडले जाते. आपले खरे रूप उघड झाले तर गावाची श्रद्धा मोडेल, या विचाराने ते तो आरोप पत्करतात आणि मरणाला सामोरे जातात. डॉ. श्रीराम लागू, संध्या आणि निळू फुले यांच्या भूमिकांनी हा चित्रपट गाजला.

प्रेक्षक या शेवटाने हेलावतो. परंतु ग्रामपंचायतीच्या सदस्याने हेलावल्यानंतर थोडा विचारही केला पाहिजे. गुरुजींनी गाव सुधारले, पण गावाने आपले चांगलेपण स्वतःजवळ ठेवले की गुरुजींच्या हवाली केले? एका माणसाचा पाय घसरला म्हणून सारा गाव ढासळेल अशी भीती ज्या माणसाला वाटते, त्याने गावाला सुधारले असेल, जबाबदार मात्र केलेले नाही. गुरुजी स्वतःला जाळून पुतळा वाचवितात. पण पुतळ्याला सभा बोलावता येत नाही, हिशेब विचारता येत नाही आणि चूक दुरुस्त करता येत नाही.

आणखी एक गोष्ट नारायणगाव-वारूळवाडीच्या प्रेक्षकाला सहज जाणवेल. चित्रपटात मोहाचे सारे ओझे फडाच्या माथी येते. फडातील माणसे रोजच्या कष्टाने पोट भरतात, एकमेकांना सांभाळतात आणि दिलेली तारीख पाळतात, हे ज्या परिसराने पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे, त्याने चित्रपटाचा हा कल तपासूनच घ्यावा. पडद्यावरचे सारे शिरोधार्य मानावे असे नाही. वाद घालता येतो, हेच चित्रपटाचे एक शैक्षणिक मूल्य आहे.

‘दो आँखें बारह हाथ’ : विश्वासाचा प्रयोग

‘पिंजरा’च्या पंधरा वर्षे आधी, १९५७ साली, शांतारामांनीच नेतृत्वाचे दुसरे चित्र रंगविले होते. ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट हिंदी असला, तरी त्याची मुळे मराठी मातीत आहेत. कथा ग. दि. माडगूळकरांची. ज्या औंध संस्थानात माडगूळकर वाढले, त्याच संस्थानात कथेमागील प्रयोग प्रत्यक्ष घडला होता.

राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली महात्मा गांधींच्या सल्ल्याने औंधच्या प्रजेला राज्यघटना दिली आणि कारभार ग्रामपंचायतींच्या पायावर उभा केला. त्याच सुमारास आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. पोलंडमधून भारतात आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांची ही कल्पना होती. राजपुत्र अप्पासाहेब पंत यांनी ती उचलून धरली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत, कैद्यांनी शेती करावी आणि कुटुंबासह राहावे, अशी ही योजना होती.

चित्रपटात आदिनाथ हा तुरुंगाधिकारी खुनाच्या गुन्ह्यातील सहा कैद्यांना आपल्या जबाबदारीवर ओसाड माळरानावर नेतो. त्यांच्याबरोबर तो स्वतः राबतो. माळावर भाजी पिकते. कैदी ती बाजारात रास्त भावाने विकतात, म्हणून व्यापाऱ्यांचा रोष ओढवतो. कैद्यांना मारहाण होते, परंतु हात न उचलण्याचा शब्द ते पाळतात. अखेर शेतावर सोडलेल्या मस्तवाल बैलाशी झुंजताना आदिनाथ मरण पावतो. या प्रसंगाच्या चित्रीकरणात खुद्द शांतारामांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वलाचा सन्मानही लाभला. परंतु ग्रामकारभाराच्या दृष्टीने त्याचा अर्थ आदिनाथाच्या मृत्यूनंतर सुरू होतो. साहेब गेला, पहारा संपला. आता पळून जाण्यास कोणाची आडकाठी नाही. तरीही ते सहा जण काम सोडत नाहीत. आदिनाथाचे दोन डोळे आता त्यांच्या आतून पाहत असतात.

‘पिंजरा’तील गुरुजी आणि हा आदिनाथ दोघेही मरतात, दोघेही आपल्या माणसांसाठी मरतात. फरक एवढाच, की एकाच्या मागे पुतळा राहतो आणि दुसऱ्याच्या मागे पिकलेले शेत व ते पिकविणारे बारा हात राहतात. हा फरक विश्वासातून पडला. आदिनाथाने प्रथम विश्वास टाकला, मग जबाबदारी टाकली आणि जबाबदारी टाकल्यावर चुकांचा धोकाही स्वतः पत्करला. गुरुजींनी गावावर नजर ठेवली. आदिनाथाने नजर ठेवण्याचे काम ज्याचे त्याला सोपविले.

‘मंथन’ : बदली झाल्यावर

श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ १९७६ साली प्रदर्शित झाला. पटकथा विजय तेंडुलकरांची. गुजरातच्या सहकारी दूध संघांतील पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि त्या भांडवलावर हा चित्रपट उभा राहिला. नेतृत्वावरील चित्रपटाचे निर्माते सामान्य दूध उत्पादकच असावेत, ही घटनाच बोलकी आहे.

डॉ. राव हे पशुवैद्य गावात सहकारी दूध संस्था स्थापन करण्यासाठी येतात. दुधाची पारख करून, स्निग्धांशाप्रमाणे दर देण्याची पद्धत ते सुरू करतात. खाजगी दूधव्यापारी नाराज होतो. संस्थेच्या निवडणुकीत दलित वस्तीचा उमेदवार सरपंचाला हरवितो, तेव्हा सरपंचही बिथरतो. आपल्याच पथकातील सहकारी चुकीचे वागला, तेव्हा राव त्याला पाठीशी न घालता गावातून परत पाठवितात. वस्तीला आग लावली जाते, कारस्थाने होतात आणि अखेर रावांची बदली होते.

शासकीय सेवेतील वाचकांना हा प्रसंग परका वाटणार नाही. मेहनतीने उभे केलेले काम अर्ध्यावर टाकून जावे लागणे, याचे दुःख अनेकांनी भोगले आहे. परंतु चित्रपट रावांच्या गाडीबरोबर जात नाही. तो गावात थांबतो. ज्या भोलाने प्रारंभी या परक्या साहेबावर संशय घेतला, तोच भोला आता माणसे गोळा करतो आणि संस्थेचे काम पुढे चालू ठेवतो. रावांनी केलेली सर्वांत मोठी कामगिरी दूध संकलनाची नव्हती. सर्वांत तिखट विरोधकाला त्यांनी कामाचा धनी केले, ही ती कामगिरी होय.

दूध विकास मोहिमेत हा चित्रपट खेड्यापाड्यांत मुद्दाम दाखविण्यात आला. करमणूक आणि लोकशिक्षण यांचा असा मेळ क्वचितच पडतो. २०२४ साली त्याची पुनरुज्जीवित प्रत कान महोत्सवात दाखविली गेली, यावरून त्याचे मोल कालबाह्य झालेले नाही, हे दिसून येते.

विचारलेला प्रश्न आणि एकटी अधीक्षिका

चांगल्या नेतृत्वाइतकेच वाईट नेतृत्वाचे दर्शनही उद्बोधक असते. डॉ. जब्बार पटेल यांचा ‘सामना’ १९७५ च्या बर्लिन महोत्सवात भारतातर्फे गेला होता. निळू फुले यांनी रंगविलेला हिंदुराव धोंडे पाटील हा केवळ दुष्ट माणूस नाही. त्याने साखर कारखाना उभा केला आहे, परिसराचा विकास घडविला आहे आणि माणसे त्याच्या शब्दाबाहेर नाहीत. याच विकासाच्या आड मारुती कांबळे नावाचा, आवाज उठविणारा एक माणूस नाहीसा झाला आहे. त्याचे पुढे काय झाले, एवढाच प्रश्न गावात आलेला एक मास्तर विचारीत राहतो. गंमत अशी, की हा मास्तरही डॉ. लागूंनीच उभा केला आहे. या मास्तरापाशी ना पद आहे, ना प्रतिष्ठा. तरीही त्या क्षणी गावाचे खरे नेतृत्व त्याच्याकडेच जाते, कारण सर्वांच्या मनात असलेला प्रश्न उच्चारण्याचे धैर्य एकट्याने दाखविले.

सभेत सारे हात एकमताने वर जातात, तेव्हा एकोपा आहे की धाक आहे, हे ओळखण्याची दृष्टी ‘सामना’ देतो. प्रश्न विचारणारा सदस्य हा कारभाराचा शत्रू नसून त्याचा रक्षक असतो, ही जाण पंचायतीत रुजली पाहिजे.

डॉ. पटेल यांच्याच ‘उंबरठा’त (१९८२) सुलभा महाजन ही सुशिक्षित गृहिणी घर सोडून महिला आधारगृहाची अधीक्षिका होते. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे आणि स्मिता पाटील यांनी सुलभेची भूमिका केली. तिच्याजवळ तळमळ आहे, प्रामाणिकपणा आहे, कामाचे शिक्षण आहे. तरीही ती हरते, कारण व्यवस्थापक मंडळाला सुधारणा नको असते आणि घरालाही तिची वाट समजत नाही. पद दिले, पण पाठबळ दिले नाही, तर काय होते हे येथे दिसते.

या चित्रपटाचा विचार आज अधिक निकडीचा झाला आहे. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली आणि पंचायतींत स्त्रियांसाठी एक-तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. खुर्ची मिळाली. परंतु सरपंच बाईंऐवजी त्यांच्या घरातील पुरुषच दफ्तर हाताळीत असेल, तर सुलभेची हार गावोगाव रोज होत असते. सही करणाऱ्या बाईंना सहीआधी कागद वाचता यावा, एवढी व्यवस्था करणे हे सदस्य, ग्रामसेवक आणि शिक्षक या सर्वांचेच कर्तव्य आहे.

पडद्याच्या मर्यादा

चित्रपटातून शिकताना एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. चित्रपटाला नायक लागतो. वर्षानुवर्षे चाललेले काम तो अडीच-तीन तासांत आटोपतो. त्यात इतिवृत्त लिहिले जात नाही, गणपूर्तीअभावी सभा तहकूब होत नाही, अंदाजपत्रक परत येत नाही. प्रत्यक्ष ग्रामकारभारात मात्र बहुतेक नेतृत्व याच नीरस वाटणाऱ्या गोष्टींत असते. मासिक सभा वेळेवर भरविणे, ग्रामसभेत हिशेब वाचून दाखविणे, नळयोजनेच्या झडपा कोठे आहेत याचा नकाशा कार्यालयात लावणे, या कामांवर कोणी चित्रपट काढणार नाही. पण आदिनाथाचा विश्वास आणि रावांची चिकाटी गावात टिकवायची, तर तिला राहण्यासाठी याच गोष्टींचे घर लागते. जे एकाच माणसाच्या डोक्यात आहे, ते त्या माणसाबरोबर जाते. जे दफ्तरात आहे आणि चारचौघांना ठाऊक आहे, ते गावाचे होते.

एक उपयुक्त उपक्रम

शाळा, ग्रामपंचायती आणि प्रशिक्षण केंद्रे यांना या चित्रपटांचा उपयोग सहज करून घेता येईल. पूर्वी प्रसिद्धी विभागाची वाहने पडदा घेऊन गावोगाव जात आणि १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट दाखवीत. पाहणारे पुष्कळ असत, पण खेळ संपला की माणसे पांगत. खरे शिक्षण पडदा विझल्यानंतर होते, म्हणून चर्चेची वेळ आधीच राखून ठेवावी. सार्वजनिक प्रदर्शनासाठी हक्कधारकांची अनुमती घेणेही आवश्यक आहे.

एका वेळी एकच चित्रपट निवडावा. दाखविण्यापूर्वी त्याचे गुणगान करू नये. नंतर पंधरा-वीस जणांचे गट करावेत आणि स्त्रियांना व तरुणांना प्रथम बोलू द्यावे. पुढील प्रश्न चर्चेला पुरेसे आहेत. या गोष्टीतील पुढाऱ्याने कोणते काम स्वतः केले आणि कोणते दुसऱ्याला शिकविले? त्याला विरोध कोणी केला आणि त्या विरोधात काही तथ्य होते काय? जे बोलले नाहीत ते का बोलले नाहीत? आणि शेवटी, आपल्या गावातील असे कोणते काम आहे, की जे आज एका माणसाच्या जाण्याने थांबेल?

या अखेरच्या प्रश्नाची उत्तरे फळ्यावर लिहून घ्यावीत. कोणी पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव घेईल, कोणी बचतगटाचा हिशेब लिहिणाऱ्या ताईंचे, कोणी शाळेतील एखाद्या गुरुजींचे. त्या प्रत्येक नावापुढे त्याच बैठकीत आणखी दोन नावे लिहिली जावीत. हे काम शिकून घेणाऱ्यांची. एवढे झाले तरी चित्रपट दाखविण्याचे श्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल.

वारूळवाडीच्या शेजारी दरवर्षी पाडव्याला राहुट्या लागतात. बोर्डावरची माणसे बदलतात, पिढ्या बदलतात, पण ठरल्या तारखेला ढोलकीवर थाप पडते. कोणीतरी कोणालातरी वेळीच शिकविलेले असते, म्हणूनच हे घडते. गावाच्या कारभाराबद्दलही असेच म्हणता यावे. निवडणुका होतील, बदल्या होतील, परंतु सकाळी नळाला पाणी येईल, शाळेची घंटा वाजेल आणि ग्रामसभा भरेल. पुढारी कोण होता हे त्या दिवशी कोणाच्या लक्षातही आले नाही, तर तोच त्याचा खरा गौरव ठरेल.